मराठा फौजेचे लघुसैनिक : घडवणं, बदलणं, रंगवणं, लढवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऐतिहासिक लघुसैनिकांच्या छंदाबद्दल, आणि त्यातही मराठ्यांची फौज उभी करण्याबद्दल, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. उत्तर दुसऱ्या एखाद्या प्रश्नात असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुळात हा छंद आहे काय? मोठ्या माणसांनी खेळण्यातले शिपाई घेऊन बसायचं?

हो, तसंच काहीसं. फक्त शिपाई नेमक्या काळातले, नेमक्या फौजेतले हवेत, ते आपण रंगवायचे, जमलं तर घडवायचे आणि मग पटावर नियमांनिशी लढवायचे. कुणाला घडवण्यात रस असतो, कुणाला रंगवण्यात, कुणाला फक्त खेळण्यात. तिन्ही केलंच पाहिजे असं नाही.

खेळाची परंपरा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये फाशांचा आणि नकाशाचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मांडला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांसाठी घरगुती नियम छापले. आजचे बहुतेक नियम या दोघांचेच वंशज आहेत.

२. २८ मिमी, १५ मिमी, १/७२... कुठलं माप घेऊ?

मिलिमीटरचा आकडा म्हणजे उभ्या माणसाची साधारण उंची. काही कंपन्या ती टाळूपर्यंत मोजतात, काही डोळ्यांपर्यंत, त्यामुळे एकाची २८ दुसऱ्याच्या ३० एवढी भरते. मागवण्याआधी दोन्हींचा शेजारीशेजारी ठेवलेला फोटो शोधा.

५४ मिमी (म्हणजे १/३२) कपाटात मांडायला. २८ मिमी रंगवायला आणि बदल करायला सगळ्यात सोयीचं, कारण चेहरा दिसतो आणि हात कापून परत लावता येतो. १/७२ मध्ये मऊ प्लास्टिकचे स्वस्त डबे मिळतात, पण त्या प्लास्टिकचे स्वतःचे नखरे आहेत (प्रश्न १० पाहा). १५ मिमीत मोठी लढाई जेवणाच्या टेबलावर मावते. ६ मिमीत चेहरा विसरा, पण फौज फौजेसारखी दिसते.

माझं मत विचाराल तर पहिल्या दहा-बारा फिगर २८ मिमीच्या घ्या. हात बसला की माप बदला. मात्र एका पटावर दोन मापं मिसळू नका.

३. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे चालतील का?

खेळायला नाही, शिकायला उत्तम. कुंभारवाड्यात मिळणारे मावळे मातीचे किंवा प्लास्टरचे असतात आणि एकाच घाण्यात दोन मापं निघतात. शिवाय खाली सपाट बैठक नसल्यानं फासा जोरात पडला तरी ते आडवे होतात. पण धुणं, प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), रंगाचे पातळ थर, सावली आणि उजेड हा सगळा सराव त्यांच्यावर करता येतो. बिघडला तर दुःख नाही. लहान मुलांना या छंदात आणायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी, कारण पुट्टी (मळून घडवायची, मग आळणारी; प्रश्न ७) आणि सुरी त्यांच्या हाती देण्यासारखी नसते.

४. सुरुवातीला काय काय सामान लागतं?

धारदार हॉबी नाइफ, बारीक कानस, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल (०.५ ते १ मिमीच्या पात्यांचं), फेविक्विक, पुट्टी, दोन ब्रश (एक बारीक टोकाचा, एक जुना पसरट), अ‍ॅक्रिलिक रंग, मॅट व्हार्निश आणि चांगला दिवा. ड्रिल सोडून बाकी सगळं कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पुट्टीसाठी लागणारी हत्यारं विकत घेऊच नका. गोधडीची जाड सुई पेन्सिलीला बांधा, डेंटिस्टकडचं जुनं टोकदार हत्यार मागून घ्या. काम भागतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर ब्रशवर करा. स्वस्त ब्रशचं टोक फुटतं आणि डोळे काढताना नको तिथे रंग जातो.

५. मराठ्यांच्या तयार फिगर फार कमी मिळतात. मग कशातून बनवायच्या?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. नेपोलियनच्या फौजेतल्या प्रत्येक रेजिमेंटच्या फिगर बाजारात आहेत. आपल्याकडे अठराव्या शतकात अर्ध्या हिंदुस्थानावर वावरलेली फौज मात्र मोजक्या धातूच्या फिगरांवर भागवावी लागते. म्हणून मराठा फौज करणाऱ्याला बदलकाम टाळता येत नाही. आणि खरी मजाही तिथेच आहे.

मुख्य युक्ती अशी : आधी अंगावरचा कपडा पाहा, डोकं नंतर. डोकं बदलणं सोपं, अंगरखा बदलणं अवघड. मोगल, इराणी किंवा तुर्की फिगरांना सैल वस्त्रं असतात, ती जवळची पडतात. एकोणिसाव्या शतकातले अफगाण किंवा सुदानी प्लास्टिकचे योद्धेही चालतात, पण त्यांच्या लांब दाढ्या आधी कानसून काढा. मराठी शिपायाला मिशा आणि कल्ले जास्त शोभतात.

मग अंगरख्याचा घेर. कमरेपासून गुडघ्यापर्यंत पुट्टीचा पातळ पापुद्रा चार तुकड्यांत लावायचा, एकाच पट्टीत गुंडाळायचा नाही. प्रत्येक तुकडा खालून सुईनं किंचित उचलला की घेर हलता वाटतो. त्यावर शेला. शेल्याची गाठ डाव्या बाजूला घेतली तर तिथलाच कापल्याचा सांधा झाकला जातो.

तलवारीबद्दल एक सोय आहे. मराठ्यांकडे युरोपातून आलेल्या सरळ पात्यांच्या फिरंगी तलवारी भरपूर होत्या, त्यामुळे युरोपीय फिगरचं सरळ पातं तसंच ठेवता येतं. फक्त मूठ बदला : हाताभोवती परज आणि मुठीच्या वर निघालेला छोटा खिळा. ढाल गोल, कातड्याची, चार फुल्यांची. खरी ढाल साधारण ५५ सेंमीची धरली तर २८ मिमीत तिचा व्यास एक सेंटिमीटर येतो, १५ मिमीत साडेपाच मिलिमीटर. ऑफिसच्या पंचिंग मशीनमधून पडणाऱ्या टिकल्या १५ मिमीच्या ढालींसाठी जवळजवळ मापात बसतात. खोडरबरावर ठेवून बॉलपेनच्या टोकानं दाबा, बाक येतो. चार फुल्या म्हणजे फेविकॉलचे चार ठिपके.

गारदी किंवा कवायती (युरोपीय पद्धतीनं कवायत शिकवलेल्या) पलटणी करायच्या असतील तर उलटं. कंपनी सरकारच्या शिपायांच्या फिगर घ्यायच्या आणि फक्त डोकी बदलायची (का, ते प्रश्न १३ मध्ये).

६. पागोटं पुट्टीनं कसं करायचं? माझं नेहमी बटाट्यासारखं होतं.

कारण तुम्ही गोळा लावून वर रेघा ओढताय. पागोटं कापडाचं असतं, तर कापडासारखंच गुंडाळा.

आधी फिगरची टोपी किंवा केस कापून डोकं कपाळापर्यंत सपाट करा. त्यावर मोहरीएवढा पुट्टीचा गोळा बसवा आणि पूर्ण कडक होऊ द्या. हा आतला आधार. दुसऱ्या दिवशी नवी पुट्टी मळून काचेवर बोटानं लाटत बारीक दोरी करा, शक्य तितकी एकसारखी. ती ओल्या सुरीनं चपटी करा. मग उजव्या कानामागून सुरू करून कपाळावर तिरकी चढवत डाव्या कानावर न्या, तिथून मागे. दुसरा फेर उलट्या तिरक्यानं. दोन्ही फेर कपाळाच्या मधोमध एकमेकांना छेदले पाहिजेत. तिसरा फेर अर्धाच. शेवटचं टोक सुईनं आत खोचा. आता, आणि आताच, प्रत्येक पट्टीवर दोन-तीन चुण्या ओढा. सुई दरवेळी पाण्यात बुडवा, नाहीतर पट्टी सुईबरोबर वर येते.

पेशवाईतली चक्री पगडी हा वेगळा प्रकार. ती बांधून तयार झालेली, घट्ट आणि सुबक असते, म्हणून तिथे गोळा घडवून कोरणंच बरोबर. साध्या शिपायाच्या डोक्यावर ती घालू नका.

७. ग्रीन स्टफ महाग पडतं. एम-सील चालेल का?

कुठे वापरताय त्यावर आहे. ग्रीन स्टफ म्हणजे निळ्या आणि पिवळ्या पट्ट्या मळून हिरवी होणारी एपॉक्सी पुट्टी. ती च्युइंगमसारखी ताणते, तास-दीड तास काम करू देते आणि पूर्ण कडक व्हायला दिवसभर घेते. पिवळा भाग वाढवला तर मऊ आणि चिकट, निळा वाढवला तर कडक आणि पटकन आळणारी. चेहरा, बोटं, कापडाच्या चुण्या इथे तिला पर्याय नाही.

एम-सील रवाळ असते, धार धरत नाही, पण वाळल्यावर दगडासारखी होते आणि छान कानसता येते. बेसवरची (फिगरखालच्या बैठकीवरची) जमीन, खडक, तटबंदी, घोड्याच्या पोटाची भर यांना ती झकास. मोल्डइटसारख्या हस्तकलेच्या मातीचं स्थान दोन्हींच्या मध्ये. ५४ मिमीला चालते, २८ ला जेमतेम. मी धडाला स्वस्त पुट्टी आणि वरच्या थराला ग्रीन स्टफ वापरतो, त्यामुळे एक पट्टी बरेच महिने पुरते.

पट्टीत निळं आणि पिवळं जिथे चिकटलेलं असतं तो मधला भाग आधीच आळलेला असतो. तो कापून फेकून द्या, नाहीतर मळताना कण राहतात. आणि कुठलीही एपॉक्सी उघड्या हातानं रोजच्या रोज मळू नका, कातडीला कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. पातळ हातमोजे घाला.

८. बदल नको, अख्खी फिगरच घडवायची आहे. कशी सुरुवात करू?

तारेच्या सांगाड्यापासून. पातळ तांब्याची तार दुमडून पाय, कणा, खांदे करा. कागदावर फिगरच्या मापाचं चित्र काढून सांगाडा त्यावर ठेवून तपासा. सांध्याचं प्रमाण इथे चुकलं तर पुढे कितीही कपडे चढवले तरी चूक लपत नाही. मग पोझ द्या. पोझ नंतर देऊ म्हणाल तर वाळलेली पुट्टी तडकते.

त्यानंतर थर. पहिल्या दिवशी फक्त धड आणि मांड्या, बारीक, जवळजवळ उपाशी माणसासारख्या. वर कपडे येणार आहेत. मग सुरवार, मग अंगरखा, मग शेला, मग हात, शेवटी शस्त्रं. प्रत्येक थर वाळू द्यायचाच. चेहरा मी मधेच कधीतरी करतो, हात ताजा असताना. डोळ्यांच्या जागी दोन खाचा, नाकाला एक छोटा त्रिकोण, तोंडाची एक आडवी रेघ आणि मग खालचा ओठ वर ढकलायचा. बस्स. २८ मिमीत याहून जास्त तपशील रंगाखाली मरतो.

हे सगळं दोन्ही हात धड असलेल्यांनाच जमतं असं वाटत असेल तर मायकेल पेरी यांचं उदाहरण घ्या. ब्रिटनमधले नामवंत शिल्पकार पेरी बंधू, जुळे. त्यांतल्या मायकेल यांचा उजवा हात १९९६ मध्ये ऐतिहासिक लढाईच्या पुनर्दर्शनात तोफेच्या अपघातात गेला. ते डाव्या हातानं पुन्हा घडवायला शिकले आणि त्यानंतरही ढिगानं फिगर काढल्या.

९. घोडे कुठले घ्यावेत? बाजारातले फार दांडगे वाटतात.

वाटतात कारण ते आहेतच. युरोपीय ड्रॅगूनचा घोडा मराठा स्वाराखाली हत्तीसारखा दिसतो. दख्खनच्या स्वाराचं जनावर म्हणजे भीमथडीचं तट्टू, बुटकं, काटक आणि लांब दौडीचं. तातार किंवा स्टेपमधल्या स्वारांचे घोडे शोधा, किंवा थोड्या लहान मापाच्या मालिकेतले घ्या. खोगिरावरच्या पिस्तुलांच्या पिशव्या आणि मागची गुंडाळी कापून टाका, खोगीर कापडाचं आणि जाड दाखवा.

रंगवताना एक ध्यानात ठेवा. शिलेदार स्वतःचा घोडा आणतो, बारगिराला तो सरकारातून मिळतो. शिलेदारांच्या पथकात म्हणून घोडे, कपडे, खोगिरं सगळं सरमिसळ हवं. एकाच रंगाचे बारा घोडे उभे केलेत तर तो कंपनी सरकारचा रिसाला वाटेल.

१०. चिकटवलेले हात तुटतात, रंगाचे पापुद्रे निघतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चुकीच्या पदार्थाला चुकीचा गोंद. कडक पॉलिस्टायरीनच्या फिगरांना प्लास्टिक सिमेंट लावा, ते दोन्ही बाजू वितळवून एकजीव करतं. धातूच्या आणि रेझिनच्या फिगरांवर त्याचा उपयोग शून्य, तिथे फेविक्विक. पण नुसतं फेविक्विक धक्का सोसत नाही. दोन्ही बाजूंना भोक पाडून कागदाच्या क्लिपची तार घाला, मग गोंद. भाले आणि निशाणाच्या काठ्या तर कायम पोलादी तारेच्याच करा.

१/७२ चं मऊ प्लास्टिक मात्र कशालाच धड चिकटत नाही. ते आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, त्यावर साच्याचं तेल असतं. हात बदलायचा तर तापवलेली टाचणी आरपार घालून ठेवा. प्रायमरआधी पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्या, म्हणजे बंदूक वाकली तरी रंग तडकत नाही.

११. पावसाळ्यात स्प्रे मारला आणि सगळी पलटण पांढरी धुरकट झाली. वाचवता येईल का?

मुंबई-कोकणातून जून ते सप्टेंबर हा प्रश्न थांबतच नाही. हवेतला ओलावा व्हार्निशच्या थरात अडकला की असा पांढुरका पडदा येतो. कोरड्या दिवशी वर ग्लॉस व्हार्निशचा एक हात ब्रशनं द्या, बऱ्याचदा पडदा नाहीसा होतो. मग पुन्हा मॅट. प्रायमरचं तसं झालं असेल तर काळजी नको, त्यावर रंगच येणार आहे. मात्र हात फिरवल्यावर वाळूसारखा खरखरीत लागला तर धुऊन परत करा.

पावसाळ्यात स्प्रेला हातच लावू नये हे बरं. ब्रशनं लावायचा प्रायमर किंवा पातळ जेसो वापरा. फेविक्विकमुळे सांध्याभोवती येणारी पांढरी झाक हा वेगळा प्रकार आहे. ती गोंदाच्या वाफेनं येते, गोंद कमी लावा आणि हवा खेळती ठेवा.

१२. भगवा नीट बसत नाही, पांढरे कपडे खडूसारखे दिसतात.

केशरी आणि पिवळ्या रंगात दम कमी असतो. काळ्या प्रायमरवर ते सात थर मागतात. खाली आधी गेरूसारखा तांबूस-पिवळा रंग द्या, त्यावर भगवा दोन थरांत येतो. सावलीला काळा नको, तांबडा-तपकिरी घ्या.

पांढऱ्याचं रहस्य एवढंच की पांढरा शेवटी. सुरुवात मातकट करड्यानं किंवा फिक्या बदामी रंगानं, मग हस्तिदंती, आणि शुद्ध पांढरा फक्त चुणीच्या कडेवर. मोहिमेवरचा कपडा धुळीचाच असतो. कातडीसाठी डब्यातला 'फ्लेश' रंग विसरा. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि निळ्याचा थेंब यांतून हव्या तेवढ्या छटा निघतात, आणि एका तुकडीत त्या तीन-चार तरी हव्यातच.

१३. मराठा फौजेचा गणवेश नेमका कुठला?

कुठल्या सालातला, हे आधी सांगा. शिवकाळातल्या मावळ्याला गणवेश नाही. पागोटं, अंगरखा किंवा उघडं अंग, गुडघ्यापर्यंतची सुरवार, ढाल-तलवार, तोड्याची बंदूक. पानिपतावर १७६१ मध्ये चित्र बदललेलं दिसतं : स्वारांचे थवे तसेच, पण इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि तोफखाना सोबत. महादजी शिंद्यांकडे द बॉयन हा युरोपीय सेनानी १७८४ मध्ये आला आणि त्यानं बंदूक-संगिनीच्या 'तेलंगा' पलटणी व तोड्याच्या बंदुकीचे 'नजीब' उभे केले. १८०३ पर्यंत शिंद्यांचं पायदळ कंपनीच्या पायदळाला थेट टक्कर देण्याइतकं तयार झालं होतं.

म्हणून आसईच्या लढाईसाठी (१८०३, शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज; प्रश्न १९) हातात पट्टा घेतलेले मावळे मांडणारे पाहिले की वाईट वाटतं. ती फौज रांगेत उभी राहून बार काढणारी, जड तोफा ओढणारी होती. तिच्यात अरब, रोहिले, गोसावी, पुरभय्ये सगळे होते. सिनेमानं एकच साचा डोक्यात बसवलाय. छंद करायचा तर तो काढावा लागतो.

उलट बाजूची सवलत एकच : गावोगावचे गडकरी, शिबंदी, प्यादे यांचे कपडे शंभर वर्षांत फार बदलले नाहीत. त्यामुळे शिवकाळातल्या साध्या फिगर पुढच्या काळात किल्ल्याच्या राखणीला उभ्या करता येतात. सतराव्या शतकात संगीन लावलेली पलटण मात्र कधीच नाही.

१४. कपडे, शस्त्रं यांचे खात्रीचे संदर्भ कुठे पाहायचे?

शस्त्रांसाठी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. काचेसमोर उभं राहून मुठीचं रेखाटन करून आणा, फोटोपेक्षा ते जास्त लक्षात राहतं. चित्रांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार महत्त्वाचा. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी यांची चित्रं त्यानं पुण्याच्या मुक्कामात काढली. टॉमस ब्रॉटननं शिंद्यांच्या छावणीतून १८०९ मध्ये लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये छापली गेली. त्यांतली रंगीत चित्रं हिंदुस्थानी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. परशुरामभाऊंच्या फौजेबरोबर फिरलेल्या एडवर्ड मूरचं वर्णन १७९४ सालचं.

जाता जाता : सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळावर गेंड्याला साखळदंड घालणारे बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेत. पुणेरी पाथरवटाच्या डोळ्यांना फिरंगी कसा दिसत होता, ते तिथे कळतं.

१५. घरी साचा करून धातू ओतता येईल का?

येतो, पण स्वयंपाकघरात नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ ला, दोन्हींचं योग्य प्रमाणातलं मिश्रण याहूनही कमी तापमानाला. म्हणजे घरच्या शेगडीवर होतं, आणि धोका तोच आहे. शिशाची धूळ आणि काजळी पोटात गेली तर ती शरीरात साठते, लहान मुलांना तर फारच घातक. उघड्यावर, वेगळं भांडं, वेगळे कपडे, मुलं लांब. शिसं नसलेलं कथिलाचं मिश्रण मिळत असेल तर तेच घ्या.

साचा सिलिकॉन रबराचा करा. प्लास्टरच्या साच्यात ओल राहिली तर उकळता धातू उसळून तोंडावर येतो. दहा-वीस फिगरांसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा रेझिन ओतणं सोपं. जुन्या धातूच्या फिगर कानसतानाही मास्क आणि नंतर हात धुणं आलंच.

१६. विकत घेतलेल्या फिगरचा साचा काढून प्रती केल्या तर? आणि थ्रीडी प्रिंटचं काय?

दुसऱ्याच्या शिल्पाच्या प्रती काढून विकणं किंवा वाटणं ही चोरी आहे. 'आपण छंद म्हणून करतो' हे उत्तर नाही, कारण या धंद्यातले बरेचसे शिल्पकार एकटेदुकटे काम करतात. स्वतः शून्यातून घडवलेली फिगर (प्रश्न ८) हवी तितकी ओता. अडचण मधल्या प्रकाराची : विकतच्या धडावर तुमचं डोकं, तुमचा अंगरखा. धड दुसऱ्याचं आहे तोवर तिच्या प्रती काढू नका. एक ती एक.

प्रिंटच्या फाइल विकत घेताना सोबतची परवानगी वाचा. बहुतेक फाइल स्वतःपुरत्या छापायला असतात, छापलेल्या फिगर विकायला नाही. मराठा फिगरांचा तुटवडा मात्र यापुढे मिटेल तो याच वाटेनं, असं मला वाटतं. न आळलेलं रेझिन हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही आणि मोरीत ओतायचं नाही.

१७. खेळतात कसं? कुठले नियम घ्यावेत?

दोन बाजू, आळीपाळीनं चाल. अंतर इंच टेपनं मोजायचं, गोळीबार आणि हातघाई फाशांवर, आणि माणसं मरण्याइतकंच महत्त्व तुकडीचा धीर सुटण्याला. पटावर डोंगर, नदी, गाव.

अगदी छोट्या खेळासाठी डी बेलिस अँटिक्विटॅटिस प्रसिद्ध आहे : प्रत्येकी बारा तुकड्या, १५ मिमीला दोन फुटांचा चौरस पट. कॅरम बोर्डावर तो आरामात मावतो. पण त्याचा काळ इसवी सन १५०० ला संपतो, मराठे त्यात नाहीत. बंदुका येतात त्याच्या भावंडात, डी बेलिस रेनॅशनिसमध्ये. अठराव्या-एकोणिसाव्या शतकासाठी २००९ मध्ये आलेलं ब्लॅक पावडर मला सोयीचं वाटतं. त्यात सेनापतीनं हुकूम आधी बोलून दाखवायचा आणि मग दोन फासे टाकायचे. फासे वाईट पडले तर पलटण हलत नाही. दोन्हींवर सहा पडले तर भलतीकडेच जाते.

शिवकाळाला मात्र हे नियम नकोत. तिथे लपूनछपून केलेल्या चकमकी हव्यात, वीस-तीस फिगरांच्या. उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची कोंडी झाली, त्यावर छान खेळ होतो : मोगलांचा रस्ता एकच, मराठ्यांच्या जागी कोरे पुठ्ठे, त्यांतले निम्मे खोटे. मोगल खेळाडूचं काम जिंकण्याचं नाही, किती माणसं बाहेर काढता येतात ते पाहण्याचं.

१८. एवढ्या हजारो माणसांची फौज फिगरांत कशी मांडायची?

प्रमाणानं. एक फिगर म्हणजे तीस माणसं धरली तर आसईतल्या शिंद्यांच्या साधारण १०,८०० कवायती पायदळाच्या ३६० फिगर होतात. एवढ्या रंगवायला निघालात तर खेळ नातवंडं खेळतील. म्हणून फिगर मोजू नका, पलटणी मोजा. सतरा पलटणी, प्रत्येकीला २८ मिमीच्या बारा फिगर, किंवा ६ मिमीची एक पट्टी. तोफा तर आणखी कमी : एक नळी म्हणजे अख्खी बॅटरी. स्वार मात्र बेसवर विरळ लावा. मराठा घोडदळ खांद्याला खांदा लावून उभं राहिलेलं विचित्र दिसतं.

१९. आसईची लढाई मांडली की दरवेळी मराठे सहज जिंकतात. इंग्रज सेनापती वेलस्लीला संधी कशी द्यायची?

कागदावर ते जिंकायलाच हवेत. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळ. वेलस्लीकडे तोफा अगदीच थोड्या, समोर शंभराच्या आसपास. पण संख्येपलीकडच्या गोष्टी नियमांत आणल्या पाहिजेत.

पहिली, नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडता येणारी जागा. समोरासमोरची दोन गावं पाहून वेलस्लीनं ओळखलं की मधे नदीला उतार असणारच, आणि तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर निघाला. पट मांडताना उतार मराठा खेळाडूला माहीत असू द्या, पण तिथे एकही तुकडी ठेवू देऊ नका. दुसरी, तोंड फिरवणं. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमननं आख्खी रांग काटकोनात वळवली आणि ती कवायत उत्तम केली. यासाठी फासे मागू नका, तो हक्कच द्या, नाहीतर कवायती पलटणींवर अन्याय होतो. तिसरी, शिंदे आणि भोसल्यांचं प्रचंड घोडदळ. ते बहुतांशी बाजूलाच राहिलं. त्याला हुकूम देण्यासाठी वेगळा, अवघड फासा लावा. पट बऱ्याच अंशी इथेच समतोल होतो.

चौथी माझी आवडती. इंग्रज रांग तोफांवरून पुढे गेली, आणि मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठून त्यांच्या पाठीत तोफा डागू लागले. म्हणून जिंकलेली तोफ लगेच पटावरून काढू नका. मागे तुकडी ठेवली नाही तर पुढच्या फेरीत ५ किंवा ६ पडल्यास ती परत बोलते. आणि आसई गावाच्या रोखानं भरकटून कापली गेलेली इंग्रजांची उजवी बगल, ७४ वी हायलँडर पलटण, ही तर ब्लॅक पावडरच्या दोन षटकारांचं हुबेहूब उदाहरण. इंग्रजांचे त्या दिवशी १,५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तुमच्या खेळात वेलस्ली जिंकला पण त्याची निम्मी पलटणं शाबूत राहिली, तर तोफांचे आकडे वाढवा.

२०. पानिपतचा निकाल ठरलेलाच आहे. मग खेळायचं कशाला?

निकाल ठरलेला असतो तो पुस्तकात. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारपर्यंत तो तिथल्या माणसांना ठाऊक नव्हता. खेळात दोन गोष्टी हव्यात. एक, उपासमार : मराठ्यांची प्रत्येक तुकडी ताजी सुरू होते आणि ठरावीक फेऱ्यांनंतर थकते, त्यामुळे भाऊला घाई करावीच लागते. दोन, गोल, म्हणजे बांधून पुढे सरकणारी फौजेची रचना : गारद्यांनी मोकळं मैदान राखायचं आणि स्वारांनी त्यांच्या पुढे घुसायचं नाही, हे खेळाडूला पाळणं किती कठीण जातं ते एकदा अनुभवा. अब्दालीला राखीव फौज आणि उंटांवरची जंबुरकं द्या. मराठ्यांना नुसतं जिंकण्यासाठी गुण ठेवू नका. बुणगे आणि बायकामुलं पटाबाहेर सुखरूप निघाली तर त्याचेही गुण ठेवा.

२१. शिवाजी महाराजांची फिगर पटावर ठेवावी का? ती 'मेली' तर?

सार्वजनिक ठिकाणी खेळताना मी ठेवत नाही. कारण भावनेइतकंच नियमांचंही आहे : सेनापतीच्या फिगरवर फासा पडायचा हा खेळाचा भाग, आणि बघ्यांपैकी कुणाला तो थट्टा वाटला तर त्यांचं चूक म्हणता येत नाही. उंबरखिंडीसारख्या खेळात हुकूम पटाबाहेरून येतात असं धरा, पटावर सरदार ठेवा. घरी खेळत असाल तर 'पडला' ऐवजी 'मागे नेलं' असा निकाल लिहा, बऱ्याच नियमांत तो पर्याय असतोच.

विश्वासरावाचं मात्र तसं करू नका. त्याला लागलेली गोळी हा त्या लढाईचा कणा आहे. ती शक्यता काढून टाकली तर उरतं ते पानिपत नव्हे.

२२. जुन्या धातूच्या फिगरांवर पांढरी भुकटी येतेय. बुरशी आहे का?

नाही, ते शिसं गंजतंय. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा बंद कपाटात कोंडल्या की असं होतं. भुकटी मास्क लावून ओल्या कापडानं पुसा, फुंकू नका आणि कोरडा ब्रश फिरवू नका. नुकसान वरवरचं असेल तर धुऊन, वाळवून, पुन्हा प्रायमर आणि व्हार्निश. खालची बाजूही रंगवा, बहुतेक जण तीच विसरतात. पुढे काच-धातूच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, झाकण अधूनमधून उघडा. बेसखाली लोखंडी पत्रा आणि डब्यात चुंबकाची शीट लावली तर प्रवासात भाले मोडत नाहीत.